संचालकाची खुर्ची रिकामी ठेवू नका

२०१७ च्या काजूच्या हंगामात आईचा फोन आला. बांद्याजवळ आमचं गाव. मामाला चार दिवस ताप होता, डोकं फुटायला आलं होतं आणि अंगदुखीने तो कण्हत होता. त्याच्या आदल्या वर्षी दोडामार्गात माकडतापाने माणसं गेली होती, त्यामुळे घरात कोणी मोठ्याने बोलतही नव्हतं. आजी फक्त सगळ्यांना बजावत होती, "बागेत माकड मरान पडलेला दिसला तर हात लावू नको हां, सरपंचाक सांग."

मामा वाचला. या तापावर खास औषध नाही, सलाइन आणि देखरेख एवढंच. पण रक्ताचा नमुना गेला आणि रोगाचं नाव कळलं, माकडतापच. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट बसली आहे, ती आज लिहून टाकते: संशोधन संस्थेच्या संचालकाची खुर्ची रिकामी ठेवू नका.

हे नाव आपल्याला का कळू शकलं? १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि मागोमाग माणसं तापाने फणफणली. आधी सगळ्यांना पीतज्वराची भीती वाटली, कारण तोही माकडांना मारतो आणि आशियात तो कधी आलेला नव्हता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं तिथे पोहोचली. मेलेली माकडं, गोचिडी, रुग्णांचं रक्त गोळा केलं आणि गोचिडीतून पसरणारा एक नवाच विषाणू वेगळा केला. ते केंद्र तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये ते सुरू केलं होतं. १९७८ मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली, आपण जिला एनआयव्ही म्हणतो. त्याच वर्षी डॉ. खोर्शेद पावरी संचालक झाल्या, संस्थेच्या पहिल्या महिला संचालक.

क्यासनूरमध्ये सापडलेला तो विषाणू साठ वर्षांनी आमच्या काजूच्या बागांत आला. या साठ वर्षांत कुणीतरी तो जपला, त्याच्यावरची चाचणी अद्ययावत ठेवली, गोचिडींचा अभ्यास करणारी माणसं नोकरीत ठेवली. असल्या कामाच्या बातम्या होत नाहीत. 'एवढ्या जुन्या रोगावर पैसे कशाला?' हा प्रश्न दर अंदाजपत्रकात येत असणार, आणि त्याला उत्तर द्यायचं काम संचालकाचं असतं. अशा संस्थेच्या नेतृत्वाचा खरा कस इथेच लागतो. आज निरुपयोगी दिसणारी गोष्ट का टिकवायची हे ज्याला स्वतःच्या कामातून कळलेलं आहे, तोच ती टिकवण्यासाठी भांडतो.

पुण्यात पाषाणच्या सूस रोडवरची एनआयव्हीची बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा घ्या. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत क्रायमियन-काँगो हा गोचिडीतून पसरणारा जीवघेणा ताप निघाला, तो एनआयव्हीनेच ओळखला. इतक्या घातक विषाणूंवर काम करायला देशात वरच्या दर्जाची सुरक्षित जागा हवी होती आणि पुढच्या दोनेक वर्षांत ती पुण्यात उभी राहिली. त्या कामात पुढे असलेले डॉ. देवेंद्र मौर्य मूळचे डास आणि गोचिडींवर काम करणारे, तेच नंतर संचालक झाले. २०१८ मध्ये केरळात निपाह आला तेव्हा ही प्रयोगशाळा हाताशी होती. २०१९ च्या अखेरीस डॉ. प्रिया अब्राहम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून संचालक म्हणून आल्या आणि दोन-तीन महिन्यांत कोविड दारात उभा राहिला. ३० जानेवारी २०२० ला भारतातल्या पहिल्या रुग्णाचं निदान पुण्यात झालं. मार्चमध्ये विषाणू वेगळा करून वाढवला गेला, पुढे त्यातूनच कोव्हॅक्सिन आली. आधीच्या संचालकाने तयार ठेवलेलं घर आणि नव्या संचालकाची रुग्णांच्या नमुन्यांत मुरलेली नजर, दोन्ही एकाच वेळी हजर होती. ती खुर्ची तेव्हा तात्पुरता कार्यभार सांभाळणाऱ्या प्रभारी माणसाकडे असती तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही धस्स होतं.

कारण प्रभारी म्हणजे काय हे मी पाहिलं आहे. काही वर्षं मी एका जीवशास्त्राच्या सरकारी प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट होते. नाव सांगत नाही. संचालक निवृत्त झाले आणि कार्यभार दुसऱ्या शहरातल्या एका अधिकाऱ्याकडे गेला. उन्हाळ्यात आमच्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीची फाइल तयार होती, पण सही कुणी करायची? आम्ही रात्रभर ड्राय आइसच्या पेट्या वाहून नमुने शेजारच्या विभागात हलवले. त्यातले काही तरीही गेले. ते अकरा वर्षांपूर्वी गोळा केलेले होते, पुन्हा मिळणारे नव्हते. मी त्या दिवशी जिन्यात बसून रडले होते.

सगळ्यात वरच्या पातळीवरही हेच होतं. एप्रिल २०२२ मध्ये डॉ. शेखर मांडे सीएसआयआरच्या, म्हणजे देशभर प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरकारी संशोधन परिषदेच्या महासंचालकपदावरून निवृत्त झाले. डॉ. एन. कलैसेल्वी ऑगस्टमध्ये आल्या. मधल्या काळात कार्यभार जैवतंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे होता. त्याच जुलैच्या शेवटी आयुर्विज्ञान परिषदेच्या महासंचालकांची मुदत संपली आणि ते पद काही आठवडे आरोग्य सचिवांकडे राहिलं. ही माणसं कर्तबगारच होती, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण निवृत्तीची तारीख रुजू होण्याच्या दिवशीच ठरलेली असते. मग निवड वर्षभर आधी का होत नाही? नवा संचालक सहा महिने जुन्याच्या सोबत का बसत नाही? फ्रीझरमध्ये काय आहे, कोणता तंत्रज्ञ कशात हुशार आहे, कोणता प्रकल्प वरून कंटाळवाणा दिसला तरी थांबवायचा नाही, हे फाइलींमध्ये लिहिलेलं नसतं. ते माणसाकडून माणसाकडे जातं.

'संचालक म्हणजे शेवटी प्रशासकच ना, कुणी आयएएस आणून बसवा' असं मला जवळच्या लोकांनीच सुनावलं आहे. मला ते अजिबात पटत नाही. खरेदीचे नियम समजावून सांगणारा अधिकारी हाताखाली हवाच. जून २०२५ मध्ये केंद्राने संशोधन संस्थांच्या संचालकांना सरकारी पोर्टलबाहेरून उपकरणं घेण्याचे अधिकार दिले, कोटेशनशिवायच्या खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख केली, हे फार बरं झालं. पण कोणतं उपकरण घ्यायचं आणि कशाला नाही म्हणायचं, ते कोण ठरवणार?

माकडतापाच्या लशीचंच बघा. जुनी लस वर्षानुवर्षं तशीच चालू राहिली, तिचा प्रभाव उतरत गेला आणि शेवटी २०२२ मध्ये कर्नाटकात ती बंद करावी लागली. नवी लस हाताशी नव्हती. विषाणू आपल्या पुण्यात होता, शास्त्रज्ञ होते, मग दहा वर्षं आधी कुणी टेबलावर हात आपटून 'आता बदला' का म्हटलं नाही? आता नव्या लशीवर काम चाललं आहे, आणि मी त्याची प्रत्येक बातमी मामाला पाठवते.

तो यंदाही बागेत जातो. फुलशर्ट, गमबूट, हातापायांना गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल. परवा फोनवर त्याने विचारलं, "गो, ती लस कधी येतली?" मी म्हटलं, मामा, काम सुरू आहे. तो म्हणाला, "बरा," आणि फोन मामीकडे दिला.