टेकडीवर झाडं लावून ती नीट जळावीत यासाठी काही सूचना

वृक्षारोपणाचे दिवस आले. परवा ग्रुपवर निमंत्रण पडलंच. टी-शर्ट, टोपी, उपमा, प्रमाणपत्र आणि तीच टेकडी. मार्चमध्ये पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळी पडलेली. मी आयोजकांना साधं विचारलं, "दादा, ही टेकडी दरवर्षी कुठून पेटते, आग कुठवर जाते, याचा काही नकाशा केलाय का?" लगेच उत्तर आलं. पार्किंगचं लोकेशन. खाली हात जोडलेला इमोजी.

बरोबरच आहे त्यांचं. वणव्याचा नकाशा करण्यात उगाच वेळ कशाला घालवा? त्यापेक्षा मुंबईत झाडं लावू इच्छिणाऱ्या तुमच्यासारख्या उत्साही मंडळींनी पुढची पथ्यं पाळावीत.

जागा निवडताना पश्चिमेचा उतार घ्या. तोही चांगला खडा बघा, आणि पायथ्याला रस्ता हवाच. रस्ता असला की बस थेट दारात येते. बॅनरच्या मागे मोकळं आकाश येतं, फोटो झकास. शिवाय दुपारचं ऊन या उतारावर शेवटपर्यंत रेंगाळतं, समुद्रावरून सुटणारा दुपारचा वारा इथेच येऊन आदळतो, आणि चढावर आग आपल्या पुढचं गवत आधीच तापवून ठेवत असल्याने सपाटीवर चालली असती त्याच्या कितीतरी पट वेगाने वर पळते. खालून कोणी विडी टाकायचा अवकाश. विडी नसली तरी रस्त्याकडेचा कचरा पेटवणारे आहेत, नवं गवत फुटावं म्हणून जुनं पेटवणारे आहेत, मोकळ्या झालेल्या जागेवर डोळा ठेवून पेटवणारेही आहेत. तुम्ही फक्त चुलीत सरपण रचावं तशी रोपं रचून ठेवायची.

गवत कापू नका.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, तर अजिबात काढू नका, ड्रोनच्या फोटोत ती वाईट दिसते.

रोपं निवडताना गिरिपुष्पाला (ग्लिरिसिडियाला) पर्याय नाही. भराभर वाढतं, वर्षभरात अहवालात दाखवण्याजोगं होतं, आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळून पाचोळ्याचा थरही पुरवतं. पळस, ऐन, कुंभा असली जाड सालीची, आग सोसून बुंध्यातून पुन्हा फुटणारी झाडं टाळा. ती सावकाश वाढतात आणि प्रायोजकाला तितका धीर नसतो.

आकडा नेहमी लावलेल्या झाडांचा सांगा. आपल्या राज्याने २०१६ ते २०१९ या काळात लागवडीचं लक्ष्य २ कोटींवरून ३३ कोटींवर नेलं. जळाली किती, असं विचारणारा विकासाचा शत्रू.

वणव्याच्या हंगामाची काळजी नको, तो १५ फेब्रुवारी ते १५ जून असा कागदावर ठरलेला आहे. गोरेगावात आरेचा डोंगर पेटला आणि ज्वाळा लांबून दिसत होत्या, ते साल २०१८ आणि महिना डिसेंबर. गवताने परिपत्रक वाचलं नव्हतं, दुसरं काय.

आणि कोणी विचारलंच तर "डेटाच उपलब्ध नाही हो" असं म्हणा. हे वाक्य फार चालतं. डेटा उपलब्ध आहे! डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे इशारे देते. उपग्रहांवर आग टिपणारी दोन यंत्रं आहेत. मोडिसच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या एक किलोमीटरचा, व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा. हे दुसरं यंत्र आपल्यावरून जातं दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. आपलं कुसळी गवत पेटतं संध्याकाळी सहाला आणि दहापर्यंत राख होऊन मोकळं. उपग्रहाच्या लेखी काही घडलंच नाही. म्हणजे नुसते हे ठिपके मोजले तर मुंबईच्या टेकड्या निर्धोक दिसणार, आणि तेवढंच बघून कोणी "इथे धोका नाही" असा शिक्का मारणार. पण जळका पट्टा कुठे पळून जात नाही ना? सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरचा ठिपका, दर काही दिवसांनी नवं चित्र, आणि मार्चमध्ये आपल्याकडे ढगही नसतात. मागच्या पाच-सात वर्षांचे काळे पट्टे एकावर एक ठेवा. त्यावर उतार, उताराची दिशा, गवत कुठे आणि झाडी कुठे, रस्त्यापासूनचं नि वस्तीपासूनचं अंतर हे थर चढवा. मग हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवणाऱ्या वनरक्षकाला आणि पाड्यावरच्या माणसांना तो नकाशा दाखवा. कुठे चुकलाय ते दोघं बोट ठेवून सांगतील. यात अवघड काय आहे? तुमच्या टी-शर्टांचं बजेट याहून जास्त असेल.

असा नकाशा हातात असला तर वृक्षारोपणाचं निम्मं काम रद्दच होईल, हे तुम्हाला नको आहे. जिथे दरवर्षी आग येते तिथे आधी जाळरेषा, मग लागवड, तीही सोशिक झाडांची. जिथे जुने बुंधे जिवंत आहेत तिथे खड्डे खणायचेच नाहीत, फक्त चार-पाच वर्षं आग आत येऊ द्यायची नाही, फुटवे आपोआप वर येतात. ओल टिकते त्या घळींमध्ये जांभूळ, करंज, उंबर लावायचे आणि तिथून हळूहळू वर सरकायचं. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, हीच तुमची अडचण आहे.

लाज वाटू द्या थोडी. नर्सरीत कोणीतरी वर्षभर पाणी घालून वाढवलेली रोपं आहेत ती. तुम्ही ती शाळकरी पोरांच्या हातात देता, पोरं रोपांना लाडाने नावं देतात, आणि मार्चमध्ये तिथे काय झालं हे त्यांना कोणी सांगत नाही. जूनमध्ये फावडी कमी पडतात इतकी गर्दी असते, डिसेंबरात गवत कापायला बोलावलं की सगळ्यांची लग्नं निघतात. यंदा त्या उतारावर एकही खड्डा खणू नका. आधी नकाशा करा, आणि पाऊस संपला की कोयते घेऊन या.