२५२० वालं फॉरवर्ड आणि आपला जुना लसावि

परत एकदा ते २५२० वालं फॉरवर्ड आलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १ ते १० सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही जगातली एकमेव संख्या, ती रामानुजननी शोधली, आणि गुपित काय तर ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०. भाग खरंच जातो हो. बाकी सगळा आनंदच आहे.

आधी तो "एकमेव" शब्द काढा. दुप्पट करा, ५०४०, तिलाही १ ते १० नी भाग जातो, तिप्पट ७५६० लाही, आणि असं कितीही पुढे जा, संपतच नाही. २५२० त्यातली सगळ्यात लहान, म्हणजे शाळेतला साधा लसावि. बनतो कसा बघा: ८ साठी तीन वेळा २ लागतो, ९ साठी दोन वेळा ३, मग एक ५ आणि एक ७, झालं, ८×९×५×७. ६ आणि १० साठी वेगळं काही आणावंच लागत नाही, त्यांचा माल आधीच आत पडलाय. २० पर्यंत जायचंय? अजून एक २ टाका, मग ११, १३, १७, १९, की आले २३,२७,९२,५६०.

आता ते कॅलेंडर. ३० मधून २, ३, ५ मिळतात, १२ मधून दोन २ आणि एक ३, आणि ७ तर आहेच, म्हणजे तुकडे तेच, म्हणून गुणाकार जुळतो. महिना ३१ चा धरलात तर येतात २६०४, ज्याला साध्या ५ नी पण भाग जात नाही. गुपिताला ३१ तारखेला सुट्टी असते वाटतं.

रामानुजननी शोधली म्हणे! अहो ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'लॉज' (Laws, म्हणजे कायदे) या ग्रंथात, म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षं आधी, आदर्श नगरात ५०४० घरं असावीत असं लिहिलंय आणि कारण हेच, १ ते १० सलग भाग जातो, वाटण्या करायला सोपं. ११ नी मात्र जात नाही, तर त्यावर पण तोडगा दिलाय, दोन घरं वजा करा (५०३८ = ११×४५८, करून बघा).

रामानुजनचं खरं काम यापेक्षा कितीतरी भारी आहे आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही याचाच राग येतो. १९१५ च्या शोधनिबंधात त्यांनी अशा संख्या घेतल्या ज्यांना आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येहून जास्त विभाजक असतात. २५२० त्यात आहे, ४८ विभाजक, पण ती सुरुवातीच्या टप्प्यातली. यादी पार ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, आणि तेवढ्या पसाऱ्यात त्यांच्या नजरेतून एक निसटली: २,९३,३१,८६,२५,६००.