‘ताई, अभ्यास वाढवा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शेक्सपिअरच्या नाटकातल्या राजपुत्र हॅम्लेटचं वेड हे सोंगच आहे, या माझ्या लेखावरची, ते वेड खरंच आहे म्हणणारी तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर एवढं लांबेल असं वाटलं नव्हतं. पण ‘ताई, नाटक नुसतं पाहून त्यावर लिहू नये, वाचावंही’ अशी सुरुवात केल्यावर ‘धन्यवाद’ म्हणून मी गप्प बसेन, अशी अपेक्षा तुमचीही नसावी.

आधी सुराबद्दल. मतभेद असणं वेगळं आणि समोरच्याने पुस्तक उघडलेलंच नाही असं धरून चालणं वेगळं. ‘वरवरचं’, ‘अभ्यास वाढवा’, ‘हल्ली कुणीही लिहितं’... टोमणे वजा केले तर तुमची प्रतिक्रिया निम्मीही उरत नाही. आणि ते ‘ताई’! आधी नातं जोडायचं, मग कान उपटायचे. ही तऱ्हा मला नवी नाही.

एक मान्य करते. ‘हॅम्लेटचं भान एक क्षणही सुटत नाही’ हे वाक्य मी जरा ताणलं. बापाचं भूत भेटण्याआधीच तो जगण्याला विटलेला आहे. बाप गेला, आईने लगोलग चुलत्याशी लग्न केलं, माणूस खचणारच. तेव्हा ‘एक क्षणही’ हे शब्द खोडून वाचा. झालं समाधान? पण खचणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

आता तुमचं ते वाक्य, प्रश्नचिन्हांच्या रांगेसकट आलेलं : ‘कबरीत उडी मारून मारामारी करणारा माणूस शहाणा असतो का???’

चला, वाचूनच बोलू. प्रवेश हॅम्लेटच्या प्रेयसीच्या, ओफेलियाच्या दफनाचा. हॅम्लेट कबरीत उडी मारतो ही रंगसूचना १६०३च्या पहिल्या क्वार्टोत आहे, म्हणजे नाटकाच्या त्या आखूड, मोडक्यातोडक्या छापील प्रतीत. दुसऱ्या क्वार्टोत ती नाही. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या एकत्रित नाटकांच्या ग्रंथात, उडीची सूचना आहे, पण ती ओफेलियाच्या भावाची, लेअर्टीसची. बहिणीच्या प्रेताला मिठी मारायला तो खाली उतरतो आणि आपल्यालाही तिच्यासोबत पुरा म्हणतो. त्याला वेडा ठरवलेलं मी तरी कुठे वाचलं नाही. मग हॅम्लेटची उडी तुम्ही वाचलीत कुठे? की पाहिलीत?

आणि पाहण्याचंच म्हणाल, तर मी ते फार जवळून पाहिलंय. कॉलेजात आम्ही मुलींनीच हे नाटक बसवलं होतं आणि मी लेअर्टीस होते. त्या प्रवेशाच्या इतक्या तालमी झाल्या की कुणाचा हात कुठे असतो हे मला झोपेतही सांगता येईल. गळा धरतो लेअर्टीस. हॅम्लेट नाही. हॅम्लेट म्हणतो, माझ्या गळ्यावरची बोटं काढ. मी तापट नाही, पण माझ्यात काहीतरी घातक आहे, त्याला भिऊन अस. आमची हॅम्लेट हे किंचाळून म्हणायची आणि सर दर वेळी तालीम थांबवायचे : ‘किंचाळू नकोस. तो दम देतोय.’ शेवटी तिने आवाज खाली आणला. माझी बोटं तिच्या गळ्यावर, आणि तिची नजर जराही हलत नव्हती. अक्षरशः अंगावर काटा आला माझ्या. वेडाच्या झटक्यात कुणी असा मोजून दम देत नाही. तुम्ही हा प्रवेश कितव्या रांगेतून पाहिलात, ठाऊक नाही.

बरं, माझी तालीम सोडा. पुढचाच प्रवेश घ्या. हॅम्लेट आपल्या मित्राला, होरेशिओला सांगतो की लेअर्टीसशी वागताना माझा तोल गेला, वाईट वाटतं. त्याच्या दुःखाचा तो डामडौल बघून संतापाने डोकं फिरलं. संताप म्हणतो, वेड नाही. थोड्याच वेळात भरदरबारात, राजासमोर, तोच लेअर्टीसची माफी मागतो आणि म्हणतो : तुझा अपराध हॅम्लेटने केला नाही, त्याच्या वेडाने केला. एकांतात, विश्वासातल्या माणसापाशी, राग. चारचौघांत वेड. पहिल्या अंकात ज्या होरेशिओकडून ‘मी विचित्र वागलो तर तुला काही ठाऊक असल्याचं दाखवू नकोस’ अशी तलवारीवर शपथ घेतली, त्याच्याजवळ त्याला सोंगाची गरजच काय?

‘आई स्वतः त्याला वेडा म्हणते’ असंही तुम्ही लिहिलंय. म्हणते ना, कबरीपाशी, सगळ्यांदेखत. पण तिसऱ्या अंकात तिला त्यानेच सांगितलंय की मी वेडा नाही, हे कपट आहे, आणि हे राजाला कळू देऊ नकोस. तिने तसं वचनही दिलंय. आई मुलाला सांभाळून घेतेय, आणि तुम्ही तिची साक्ष काढताय!

बाकीचं थोडक्यात. आईच्या दालनात भूत फक्त त्यालाच दिसतं, हा मुद्दा चघळून चोथा झालाय. पहिल्या अंकात ते पहारेकऱ्यांना आणि होरेशिओलाही दिसलं होतं. कुणाला दिसायचं हे भुताच्या मर्जीवर असावं. ओफेलियाच्या बापावर, पोलोनियसवर तलवार चालवली ती पडद्यामागे राजा आहे या समजुतीने. अविचार म्हणा हवं तर. तुम्ही साक्षीला काढलेल्या इंग्रज समीक्षक डॉ. जॉन्सननी १७६५ साली या सोंगाला पुरेसं कारण दिसत नाही म्हटलं, हे खरं; पण ते त्याला सोंगच म्हणतात, हे त्यांचं वाक्य उतरवताना तुमच्या नजरेतून निसटलं वाटतं. कारण हवं असेल तर नाटकाचं मूळ असलेल्या, सॅक्सो या इतिहासकाराने लिहिलेल्या जुन्या डॅनिश कथेत ते सरळ सापडतं : बापाला मारणाऱ्या चुलत्याच्या घरात जीव वाचवायला अॅम्लेथ खुळ्याचं सोंग घेतो.

आणि ‘निदान आगरकर तरी वाचा’ या सल्ल्याबद्दल आभार. ‘हॅम्लेट’चं त्यांनी केलेलं मराठी रूपांतर, १८८३चं ‘विकारविलसित’, माझ्या कपाटात आहे, त्यातल्या हॅम्लेटला, चंद्रसेनाला, मी चांगली ओळखते.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. परत लिहायचं असेल तर एवढंच सांगा : होरेशिओजवळ संताप आणि लेअर्टीससमोर वेड, असं तो का बोलतो? माझ्या अभ्यासाचं नंतर बघू.