फोटो डिसेंबरचे, राहायचं मात्र बारा महिने

"परदेशातून निवृत्त होऊन कोकणात या, दोन एकर आंबराई घ्या" असं कोकणात येऊन राहण्यावरच्या एका लेखात बिनधास्त लिहिलंय, फोटोंसकट. घ्या म्हणजे कशी? एनआरआय (परदेशात राहणारा भारतीय नागरिक) असो की ओसीआय कार्डवाला (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस), दोघांनाही शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. घर, फ्लॅट चालतो. वडिलोपार्जित बाग वारसाने आली तर ठीक, पण सातबारा आधी काढून बघा; चुलत्यांची, आत्यांची नावं निघतात आणि प्रत्येकाची सही हवी असते.

आणि फोटो सगळे हिवाळ्यातले! इकडे गुहागरला जुलैत कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, पापड सादळतात, लाईट गेली की पंप बंद, म्हणजे विहीर तुडुंब असून नळ कोरडा. 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या लोकांनी काय भोगलं तेही विचारा कोणाला तरी.

यायला हरकत नाही हो, आमचा मावसभाऊ मस्कतहून येऊन मजेत राहतोय. पण पहिला पावसाळा भाड्याने काढा. बीपी-शुगर असेल तर घर चिपळूण-रत्नागिरीच्या आसपास बघा, डॉक्टर-दवाखाना जवळ हवा. समुद्रावर काय, एसटीनेही जाता येतं.