काकूंचा आवाज टीव्हीला पोचला

सोसायटीत ज्याला वायफायचा पासवर्ड बदलता येतो त्याला लोक इंजिनिअर समजतात, आणि ज्याच्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यात पांढरी अक्षरं दिसतात त्याला थेट शास्त्रज्ञ. याच न्यायाने आमच्या सोसायटीचा इंटरकॉम माझ्या गळ्यात पडला. जुनी ईपीएबीएक्सची, म्हणजे घरोघरचे इंटरकॉम जोडणाऱ्या एक्स्चेंजची, पेटी एका वळवाच्या पावसात वीज पडून गेली. नवी पेटी आणि तिन्ही विंगांमधून नव्या तारा, याचं कोटेशन कमिटीत वाचून झाल्यावर कुणीच काही बोलेना. मग एकजण म्हणाला, "अहो, आता सगळं मोबाइलवर होतं. अ‍ॅप टाकायचं. फुकट!" ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदक म्हणून माझं नाव परस्परच लिहिलं गेलं.

सॉफ्टफोनचं, म्हणजे नेटवरून फोन लावायचं, अ‍ॅप फुकट मिळतं हे खरं. पण दोन सॉफ्टफोनना एकमेकांचा ठावठिकाणा सांगणार कोण? त्यासाठी मध्ये एक सर्व्हर लागतो, एसआयपी प्रॉक्सी. एसआयपी ही नेटवरचे फोन जुळवण्याची भाषा, आणि प्रॉक्सी तिचा मध्यस्थ. सेक्रेटरींना मी समजावलं की हे वधू-वर सूचक मंडळ आहे. स्थळाने येऊन नाव-पत्ता नोंदवायचा, मुदत संपायच्या आत नोंदणी नवी करायची, कुणी चौकशी केली की मंडळ निरोप पोचवणार. पुढचं बोलणं त्या दोघांनी परस्पर करायचं.

"म्हणजे आवाज सर्व्हरमधून जातच नाही?"

"नाही."

"मग भाडं कशाचं?"

भाड्याची गंमत अशी. मी आधी सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवरच प्रॉक्सी चालवणार होतो. पण राउटरच्या पानावर १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसला. असे पत्ते २०१२ साली इंटरनेट कंपन्यांसाठी मुद्दाम राखून ठेवले आहेत. कंपनी ढीगभर गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते, आणि बाहेरून तुमचं दार कुणाला वाजवताच येत नाही. म्हणून भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागला. 'फुकट' इथे संपलं.

प्रॉक्सी निवडला कामाइलिओ. याचं मूळ घराणं बर्लिनचं, तिथल्या फ्राउनहोफर फोकस या संस्थेतलं. पुढे ते ओपन-एसईआर झालं आणि २००८ साली वाटण्या होऊन कामाइलिओ आणि ओपन-सिप्स अशा दोन चुली झाल्या. भाऊबंदकी फक्त कोकणातच होते असं नाही, एवढं समाधान त्या रात्री मिळालं. बाकी काही मिळालं नाही, कारण समोर कन्फिग फाइल, म्हणजे सर्व्हरने कसं वागायचं ते लिहिलेली फाइल, होती. या फाइलीत ओळीच्या सुरुवातीला # असेल तर ती टीप, तिच्याकडे सर्व्हर बघत नाही. पण #! असेल तर ती टीप नाही, हुकूम आहे. आणि ##! असेल तर पुन्हा टीप. म्हणजे आख्खी सोय चालू करायची तर एक # पुसायचा, आणि तो बरोबर कुठला हे चष्म्याच्या नंबरावर अवलंबून!

सर्व्हर सुरू झाला आणि त्याने पहिल्याच फोनला उत्तर दिलं: ४०३, नॉट रिलेइंग. त्याचं म्हणणं असं, की फोन करणारा माझ्या डोमेनचा नाही, ज्याला करायचा तोही नाही, मी कशाला मध्ये पडू? आपलं स्वतःचं नाव काय हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. एलियसच्या ओळीत नाव घातल्यावर ओळख पटली. सोसायटीतही नवीन भाडेकरूला असंच वागवतात, पण निदान तेव्हा सोसायटीला स्वतःचं नाव माहीत असतं.

मग घंटा वाजली. खरीच वाजली! गेटवरच्या वॉचमनकाकांनी बी-विंगमधल्या काकूंना फोन लावला, काकूंनी उचलला, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, '२०० ओके' उमटलं, आणि दोन्हीकडून नुसतं "हॅलो... हॅलो..." आवाज ना इकडून तिकडे, ना तिकडून इकडे.

हा आजार समजून घेण्यासारखा आहे. फोन जुळताना प्रत्येक सॉफ्टफोन सांगतो, 'माझा आवाज अमुक पत्त्यावर पाठवा.' काकूंच्या फोनने सांगितलं, १९२.१६८.१.५. आता हा पत्ता काकूंच्या घरातल्या वायफायपुरता. असाच पत्ता वॉचमनच्या केबिनमध्येही आहे, तिथे तो कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा. वॉचमनकाकांचा फोन आज्ञाधारकपणे "कुरिअर आलंय, पाठवू का वर?" हे वाक्य शेजारच्या डीव्हीआरला ऐकवत होता. उलट दिशेने काकूंचं "कुणाचं आहे?" हे त्यांच्याच हॉलमधल्या टीव्हीकडे जात होतं. सगळ्या यंत्रांनी आपापलं काम चोख केलं होतं. शिव्या मात्र मंडळाला.

उपाय होता. एक # पुसून नॅटची, म्हणजे राउटरमागच्या अशा घरगुती पत्त्यांना सांभाळून घेण्याची, सोय चालू करायची, सोबत आरटीपी-प्रॉक्सी नावाचा मदतनीस बसवायचा, फायरवॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कुंपणात, आवाजासाठी यूडीपी पोर्टांची (ही त्याची दारं) रांगच्या रांग उघडायची आणि आवाजसुद्धा सर्व्हरमधूनच न्यायचा. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे आता आवाज सर्व्हरमधून जातो?" त्यांच्या चेहऱ्यावर भाडं वसूल झाल्याचा आनंद होता.

आवाज आला, पण गेटवरून वर केलेला फोन बत्तीस सेकंदांनी तुटू लागला. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. जून २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये, म्हणजे एसआयपीच्या नियमांच्या दस्तऐवजात, तो बसवलेला आहे: फोन उचलणाऱ्याने 'ओके' म्हटलं की समोरून पोच यायला हवी, ती आली नाही तर अर्ध्या सेकंदाच्या चौसष्टपट, म्हणजे बत्तीस सेकंद, वाट बघून तो बोलणं तोडतो. पोच गिळत होता गेटचा राउटर. एसआयपी एएलजी नावाची एक सोय त्यात असते. ती आपण न विचारता मदत करते, म्हणजे जाता-येता निरोपातले पत्ते स्वतःच्या अकलेने बदलते. ती बंद केली आणि फोन टिकायला लागले. सेक्रेटरी हळहळले. "बत्तीस सेकंद बरे होते हो. गेटवर लोक फार गप्पा मारतात."

एवढ्यात पाहुणेही येऊन गेले होते. नेटवर ५०६० हे एसआयपीचं पोर्ट उघडलं की चहा गार व्हायच्या आत कुणीतरी दार ढकलून बघतं. आमच्या लॉगमध्ये त्याने स्वतःचं नाव 'फ्रेंडली-स्कॅनर' असं सांगितलं होतं, आणि तो १००, १०१, १०२ असे नंबर चाचपत चालला होता. सेक्रेटरींचा नंबर १०० आणि पासवर्डही १००, 'लक्षात राहावा म्हणून'. या मंडळींना दुसऱ्याच्या खर्चाने परदेशी फोन लावायचे असतात. आमच्याकडे बाहेरची लाइनच नाही. परवान्याशिवाय नेटचा कॉल आपल्या मनाने टेलिफोनच्या जाळ्यात सोडायला आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे ती घ्यायचा प्रश्नही नव्हता. म्हणजे चोर आत शिरला असता तर जास्तीत जास्त आमच्या वॉचमनकाकांशी बोलला असता. तरी पासवर्ड बदलला.

लॉग मात्र वाचनीय असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सभेत सांगितलं, "मला रिंगच येत नाही." लॉगमध्ये १८०, म्हणजे घंटा वाजली, लगेच ६०३, म्हणजे काकांनी लाल बटण दाबलं. फोन थकलेल्या मेंटेनन्सबद्दल होता. मी गप्प बसलो. त्याच मजल्यावर राहायचं आहे मला.

आता यंत्रणा चालते. फक्त मोबाइलच्या बॅटरी वाचवण्याच्या सोयीने एक घोळ केला आहे: अ‍ॅप थोडा वेळ वापरलं नाही की फोन त्याला झोपवतो, नोंदणीची मुदत संपते आणि सर्व्हरच्या लेखी ते घर रिकामं. झोपलेल्या अ‍ॅपला ढोसून उठवण्याचीही पद्धत आहे, २०१९ साली तिचंही आरएफसी निघालं, आणि तो विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेत आहे. तोवर वॉचमनकाकांनी आपली रीत बसवली आहे. ते आधी साध्या मोबाइलवरून फोन करतात.

"काकू, जरा ते अ‍ॅप उघडा. तुम्हाला इंटरकॉम करायचाय."