हजार सात नंबरचा माणूस

नवीन माणूस रुजू होणार म्हटलं की त्याच्या खुर्चीसाठी मेलामेली होते, ओळखपत्रासाठी फोटो मागवतात, दोन-चार ठिकाणी सह्या होतात. सर्व्हरवरच्या अकाउंटला मात्र कुणी काम मानतच नाही. दारातूनच कुणीतरी मान आत घालतं, "जरा त्याचं अकाउंट काढून दे ना," म्हणतं आणि उत्तराची वाट न बघता निघून जातं. एका कमांडचं तर काम! तसं ते आहेही. फक्त ती कमांड कुठली, इथपासून सुरुवात आहे.

कमांडा दोन. एक यूजरअ‍ॅड आणि दुसरी अ‍ॅडयूजर. ही नावं ठेवणाऱ्याला पुढच्यांचे हाल बघायची हौस असावी. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डेबियन घराण्यात अ‍ॅडयूजर ही बोलकी बाई आहे, सगळं विचारून विचारून करते. यूजरअ‍ॅड अगदी मितभाषी. सांगाल तेवढंच करणार, वर अवाक्षर नाही. रेड हॅटच्या घराण्यात मात्र दोन्ही एकच, अ‍ॅडयूजर म्हणजे यूजरअ‍ॅडकडे बोट दाखवणारी नुसती लिंक. तिथे शिकून आलेला माणूस इथे डेबियनवर बसतो, सवयीने यूजरअ‍ॅड आणि पुढे नाव टाइप करतो आणि एंटर मारतो. कमांड गप्प. युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजात, गप्प म्हणजे सगळं ठीक, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं. त्यामुळे साहेब पासवर्ड ठेवून समाधानाने जागेवर जातात.

सगळं ठीक नसतं. रेड हॅटवर होम डिरेक्टरी, म्हणजे माणसाचं स्वतःचं फोल्डर, आपोआप तयार होते. डेबियनवर यूजरअ‍ॅडला 'वजा एम' असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ती फक्त नोंद करून मोकळी होते. नोंदीत पत्ता लिहिलेला, पण त्या पत्त्यावर काहीच नाही. नवा माणूस पहिल्यांदा लॉगिन करतो, तर होम डिरेक्टरी सापडली नाही असा एक ओळीचा निरोप देऊन यंत्र त्याला थेट रूट डिरेक्टरीत, सगळ्या सिस्टिमच्या माथ्यावर नेऊन उभं करतं. शेलही, म्हणजे कमांडा वाचणारा प्रोग्रामही, सांगितलेला नसतो, म्हणून बॅशऐवजी साधा एसएच मिळतो. पडद्यावर नुसतं डॉलरचं चिन्ह. ना नाव, ना गाव. मागची कमांड परत आणायला तो वरचा बाण दाबतो, तर टोपीसारखं एक चिन्ह, दोन चौकटी कंस आणि कॅपिटल ए उमटतं. पुन्हा दाबतो, पुन्हा तेच. ओळ भरत जाते.

मग फोन येतो, "माझा कीबोर्ड बिघडलाय."

कीबोर्ड बदलून झाल्यावरच पुढचं बोलणं होतं. काही गोष्टी समजावून सांगण्यापेक्षा करून टाकलेल्या सोप्या.

अ‍ॅडयूजर वापरली तर हे होत नाही, पण तिच्या चौकश्या पुऱ्या कराव्या लागतात. पूर्ण नाव काय? खोली क्रमांक? ऑफिसचा फोन? घरचा फोन? आणि शेवटी 'इतर'. या 'इतर'मध्ये काय लिहायचं असतं हे मला विचारू नका. आम्ही एंटर, एंटर, एंटर करत जातो आणि "ही माहिती बरोबर आहे का?" या प्रश्नाला बेधडक हो म्हणतो. माहितीच दिलेली नाही, तर चुकणार काय! ही माहिती ज्या रकान्यात जाते त्याचं नाव जीकॉस. बेल लॅब्जमध्ये युनिक्स नवं होतं तेव्हा छपाईची कामं जनरल इलेक्ट्रिकची जीकॉस ही प्रणाली चालवणाऱ्या दुसऱ्या यंत्राकडे पाठवायची सोय होती. त्या यंत्राला लागणारी ओळख ठेवायला हा रकाना केला. ते यंत्र कधीच इतिहासजमा झालं, रकाना अजून आहे आणि नव्या माणसाचा खोली क्रमांक विचारतो आहे.

हा रकाना ज्या फाइलीत असतो ती म्हणजे एटसी या फोल्डरातली पासडब्ल्यूडी. एका माणसाची एक ओळ, विसर्गासारख्या चिन्हांनी पाडलेले सात रकाने. नाव पासवर्डाचं, पण पासवर्डाच्या रकान्यात आता नुसती फुली. ही फाइल कुणालाही वाचता येते, म्हणून खरा पासवर्ड, तोही सांकेतिक रूपात, शॅडो नावाच्या दुसऱ्या फाइलीत हलवला. तिथे पासवर्ड शेवटी कधी बदलला तेही असतं, पण तारीख नाही, १ जानेवारी १९७० पासून मोजलेले दिवस. तुम्ही ४ ऑक्टोबर २०२४ ला बदलला असेल, तर तिथे २०००० एवढंच दिसेल.

सात रकान्यांत यंत्राला कामाचा वाटतो तो तिसरा, नंबराचा. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी अकाउंटचा, शून्य. माणसांचे बहुतेक लिनक्सांवर १००० पासून पुढे. फाइल कुणाची, कुणाला काय करता येईल, सगळं या नंबरावर. नाव निव्वळ आपल्या समाधानासाठी. आणि माणसं नेमकी नावावरूनच भांडतात. एकाला पहिलं अक्षर कॅपिटल हवं, अ‍ॅडयूजर ते नाकारते. दुसऱ्याला पूर्ण नाव हवं. जुन्या युनिक्सात आठ अक्षरांत भागवायचे, आता लिनक्सवर बत्तीस चालतात, पण चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी पीएस कमांड नाव मोठं दिसलं की सातव्या अक्षरावर कापते आणि पुढे अधिकचं चिन्ह लावते. समजा कुणी प्रसन्नकुमार असेल, तर यादीत तो 'प्रसन्न अधिक' असा दिसतो. बाकी कोणी नसतो.

पासवर्ड टाकताना पडद्यावर काही दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. इथे निम्मी जनता थांबते आणि आपल्याकडे बघते. तेही सोडा. ग्रुपचं ऐका. कुणाला प्रिंटरच्या ग्रुपात घालायचं असेल तर अकाउंट बदलणाऱ्या यूजरमॉड कमांडला कॅपिटल जी द्यायचा आणि सोबत स्मॉल ए. तो ए विसरला, तर यंत्र समजतं की आता हा माणूस फक्त प्रिंटरचाच, आणि बाकीच्या सगळ्या जोडग्रुपांतून त्याला काढून टाकतं. माझ्या आधीच्या गृहस्थांनी हा प्रयोग ज्याच्यावर केला, तो सुडोचा, म्हणजे रूटच्या ताकदीने कमांडा चालवायचा, अधिकार असलेला एकमेव माणूस होता. छपाई मात्र त्या दिवसापासून उत्तम चालू लागली.

बरं, ग्रुपात नीट घातलं तरी लॉगआउट करून परत आल्याशिवाय तो लागू होत नाही. "बंद करून चालू करा" हे आमचं ठेवणीतलं उत्तर असल्याचा लोकांचा समज आहे, त्यामुळे खरोखर तेवढंच करायचं असतं तेव्हा कुणी ऐकत नाही.

होम डिरेक्टरी मिळाली की माणूस तिचं दार सताड उघडतो. सहकाऱ्याला एक फाइल द्यायची असते, म्हणून सगळ्या डिरेक्टरीला सातशे सत्याहत्तर, म्हणजे कुणीही या, वाचा, लिहा. दुसऱ्या दिवशी तक्रार, की एसएसएचची, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीची, किल्ली चालत नाही, पासवर्ड मागतंय. ज्याच्या घरात कुणीही लिहू शकतं त्याच्या किल्लीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही, पण हे कारण ते त्याला सांगत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहून ठेवतं. लॉग वाचतो मी. म्हणजे भांडण त्यांचं आणि निरोप्या मी.

माणूस नोकरी सोडून गेला की अकाउंट पुसणारी यूजरडेल, सोबत वजा आर, की होम डिरेक्टरी आणि मेलबॉक्स गेलं. इतरत्र पडलेल्या फाइली तशाच राहतात. मालकाच्या नावाच्या जागी नुसता नंबर, समजा १००७. आणि शेवटचा नंबर त्याचाच असेल, तर यूजरअ‍ॅड पुढच्या माणसाला नेमका तोच देते.

अशीच एक नवी मुलगी माझ्याकडे आली. "सर, सामायिक फोल्डरमधल्या या फाइल्स माझ्या नावावर दिसतायत. तारखा मी शाळेत होते तेव्हाच्या आहेत."

मी नंबराचं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग त्यातली एक स्क्रिप्ट उघडली, थोडी वाचली, आणखी थोडी वाचली.

"म्हणजे हे मी लिहिलंय असं सगळ्यांना दिसतंय?"

"हो."

"आत्ताच्या आत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करा."

चोऊन ही मालक बदलायची कमांड मारून सगळ्या फाइल्स रूटच्या नावावर केल्या. रूटला सवय आहे.