मोफत रिचार्जची ती लिंक भरू नका, डिजिटल भारत निधीचा पैसा असा वाटला जात नाही

काल कळव्याला आईकडे गेले, तर दारातच तिने फोन पुढे केला. "हा ओटीपी कुठे टाकायचा बघ गं." सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज होता: डिजिटल भारत निधीतून (फोनसेवा सगळीकडे पोचवण्यासाठीचा सरकारी निधी) सरकार प्रत्येकाला 239 रुपयांचा 28 दिवसांचा रिचार्ज मोफत देतंय; पैसा आपल्याच बिलातला आहे, त्यावर कोणाची देखरेख नाही, संपायच्या आत लिंकवर आधार आणि ओटीपी भरा, दहा जणांना पाठवा. आधारचे बाराही आकडे तिने भरून ठेवले होते.

आई भोळी नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दर 28 दिवसांनी रिचार्जचा लाल गोल काढते. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात हे मला तिनेच मोजून दाखवलं होतं. मेसेजने नेमकं तिचं दुखणं धरलं.

आधी ओटीपी. रिचार्जला लागतो फक्त मोबाईल नंबर. कोपऱ्यावरचा दुकानदार कधी आधार मागतो का? तुमच्या नंबरवर मी घरबसल्या रिचार्ज मारू शकते, तुम्हाला काही विचारावंही लागत नाही. मग मोफत देणाऱ्याला तुमचा ओटीपी कशाला हवा? ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. आईला आलेल्या एसएमएसमध्येच तो कोणाला सांगू नका असं लिहिलं होतं, पण इंग्रजीत. ती आकडे तेवढे बघत होती.

239 रुपयांची थाप जुनीच आहे. पीआयबीच्या, म्हणजे सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेकने 2023 मध्येच ती खोटी ठरवली होती. आता तिला निधीचं नाव चिकटवलंय, एवढंच.

निधी मात्र खरा आहे. पूर्वीच्या युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंडाचं 2023 च्या दूरसंचार कायद्याने ते नवं नाव ठेवलं. टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलातून (ठरावीक वजावटींनंतरच्या कमाईतून) 5 टक्के त्यासाठी घेतात, म्हणजे अखेर आपल्याच रिचार्जमधून, हेही मान्य. पण देखरेख नाही? त्याच कायद्यानुसार हा पैसा आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत, जातो आणि संसदेने मंजूर केल्यावरच पुढे मिळतो. हिशेब कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारी घटनात्मक संस्था, तपासतं. वसूल झालेली सगळी रक्कम निधीत वळती झाली नाही, हे कॅगनेच दाखवून दिलंय. त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण देखरेख होती म्हणूनच ते उघडकीला आलं ना?

आणि पैसा जातो कुठे? नेटवर्क नसलेल्या भागात सेवा उभारणाऱ्यांकडे. जुलै 2022 मध्ये 24,680 गावांत फोरजी पोचवायला 26,316 कोटी मंजूर झाले. कायद्यात शहरी भागही आहेत आणि 2024 च्या नियमांत महिला, अपंग, दुर्बल घटकही आहेत, हे खरं. पण त्यासाठी योजना आखावी लागते, ती राबवणारा नेमावा लागतो. दहा जणांना फॉरवर्ड केल्याने अनुदान मिळत नसतं.

आईने रात्रीच ग्रुपवर लिहिलं, "लिंक भरू नका, मी अर्धी भरली होती." ज्यांनी पुरती भरलीय त्यांनी लाजू नका. आत्ता बँकेला फोन करा आणि पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. गेले नसतील तरी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षु' या तक्रार सुविधेवर तो मेसेज कळवा.